तालमीच्या भिंतीवरचा फोटो

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगा तेरा वर्षांचा, दोन वर्षं गावच्या तालमीत जातोय. ज्या पैलवानाचे व्हिडिओ बघून तो कुस्तीला लागला त्याचं नाव उत्तेजकाच्या प्रकरणात आलं आणि पोरगं दोन दिवस नीट जेवलं नाही. त्यात वडील म्हणाले, "हे सगळे पैशासाठी खेळतात, यांना कशाला डोक्यावर घ्यायचं?" तुम्ही विचारलंय की व्यावसायिक खेळाडूंना मुलांनी आदर्श मानावं का, आणि आता त्याच्याशी बोलायचं तरी काय.

मी २६ वर्षं कुस्ती शिकवतो. आधी स्वतः मातीत खेळलो, मग पतियाळाला प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम केला, तेव्हापासून तालीम एके तालीम. मुक्कामी पोरं असतात, सकाळ-संध्याकाळ गावातली येतात, गेली सहा वर्षं मुलीही येतात. तुमच्या मुलासारखा चेहरा करून बसलेली पोरं मी पुष्कळ पाहिलीत, एकदा तर सगळी तालीमच तशी बसली होती. तिथूनच सुरुवात करतो.

आमच्या हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, वरच्या भिंतीवर मारुतीरायाची तसबीर, तिच्या उजव्या हाताला खाशाबा जाधव आणि डाव्या हाताला सुशीलकुमार. सुशीलचा फोटो मीच २००८ मध्ये लावला होता. बीजिंग ऑलिंपिकला तो पहिलीच कुस्ती हरला. हरवणारा युक्रेनचा पैलवान पुढे अंतिम फेरीत गेला, म्हणून नियमाप्रमाणे सुशीलला पुन्हा संधी मिळाली. मग अमेरिका, बेलारूस, कझाकस्तान अशा लागोपाठ तीन कुस्त्या मारून त्यानं ब्राँझ आणलं. खाशाबांनंतर ५६ वर्षांनी आलेलं ते कुस्तीतलं पदक. मी पोरांना ती कुस्ती किती वेळा दाखवली असेल याची गणती नाही. पहिली हरल्यावर कोपऱ्यात टॉवेल तोंडावर घेऊन बसणाऱ्या पोराला मी नुसतं भिंतीकडे बोट दाखवायचो, त्याला कळायचं.

मे २०२१ मध्ये एका तरुण पैलवानाच्या खुनाच्या गुन्ह्यात त्याला अटक झाली. न्यायाचं काम न्यायालयाचं आहे, त्यावर मी बोलत नाही. तेव्हा निर्बंधांमुळे तालीम बंद होती, पण जवळची चार-पाच पोरं झाडलोटीला आणि मारुतीला दिवा लावायला यायची. त्यातला एक सोळा वर्षांचा पोरगा हातात केरसुणी घेऊन त्या फोटोखाली उभा राहिला आणि म्हणाला, "वस्ताद, हा काढायचा का?" मला उत्तर सुचलं नाही. मी म्हणालो, उद्या बघू. रात्रभर विचार केला, सकाळी स्टूल घेऊन मीच तो फोटो उतरवला.

तालीम पुन्हा सुरू झाली तेव्हा त्याच पोरानं विचारलं, "आता ती बीजिंगची कुस्ती पण नाही बघायची?" मी म्हणालो, ती बघायची. ती कुस्ती खरी झाली होती. हरल्यावर उठून उभं राहणं त्या दिवशी त्या मॅटवर घडलं, पुढं काय झालं त्यानं ते पुसलं जात नाही. पण फोटो भिंतीवर लावणं म्हणजे "या माणसासारखा हो" असं सांगणं. ते सांगण्याइतकं मी त्या माणसाला ओळखत नव्हतो. मी त्याची कुस्ती ओळखत होतो. तेरा वर्षं मी या दोन गोष्टींची गल्लत केली होती, ही माझी चूक. ती पोरांची नव्हती.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर बरंचसं यातच आहे. खेळाडूकडून शिकावं, भरपूर शिकावं. पण त्यानं जे करून दाखवलंय तेवढंच शिकावं. त्याचं अख्खं आयुष्य आपल्या पोराच्या डोक्यावर ठेवू नये.

आता वडिलांचं म्हणणं. पैशासाठी खेळतात हा काही दोष नाही, निदान आपल्याकडे तरी कुस्तीवाल्यानं तो दोष मानू नये. जत्रेचा फड आठवा. हलगी कडाडतेय, पंच इनामाचा आकडा पुकारतोय, शंभराच्या कुस्तीपासून लाखाच्या कुस्तीपर्यंत सगळं उघड चाललेलं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना आश्रय दिला, खुराक लावून दिला, खासबागेचं मैदान बांधलं. पोटाची सोय झाली म्हणून त्या पिढीला दिवसभर मेहनत करता आली. ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे त्या पोरानं बदाम आणि तूप कुठून आणायचं? इनाम, नोकरी, कंत्राट यातूनच ना. खेळाचे पैसे घेणारा खोटा आणि फुकट खेळणारा खरा, असं मी तरी कधी पाहिलं नाही.

खाशाबांचीच गोष्ट घ्या. गोळेश्वरचा माणूस, कराडपासून हाकेच्या अंतरावर. १९४८ ला लंडनमध्ये सहावा आला, १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबा ५७ किलो गटात ब्राँझ घेऊन आले, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडहून गावापर्यंत शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मला मिरवणुकीपेक्षा पुढची गोष्ट मोठी वाटते. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवायला हातभार लावला. माझ्या तालमीत नवीन पोरगा आला की त्याला मी हेलसिंकीच्या आधी ही घर सोडवल्याची गोष्ट सांगतो. पैशासाठी कुस्ती धरली, आणि कुणासाठी धरली बघ.

(पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये अमन सहरावतनं ब्राँझ जिंकलं तेही ५७ किलोतच. मधे ७२ वर्षं. त्या दिवशी मी पोरांना हे सांगितलं तेव्हा एक-दोघांनी वळून खाशाबांच्या फोटोकडे बघितलं, ते मला फार बरं वाटलं.)

तेव्हा वडिलांना सांगा, पैसा हा मुद्दा सोडून द्या. खरी अडचण अंतराची आहे.

लांबून पोराला काय दिसतं? चार वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बारा वर्षांचा पोरगा होता. एके दिवशी संध्याकाळी तो हौद्यामागच्या भिंतीला कान घासताना सापडला. चांगला लालबुंद झालेला कान, डोळ्यात पाणी, तरी घासतोय. विचारलं तर म्हणाला, "पैलवानासारखा कान पाहिजे." पैलवानाचा कान मोडतो तो वर्षानुवर्षं समोरच्याच्या डोक्याशी, खांद्याशी घासून. कातडी आणि कूर्चा यांच्यात रक्त साकळतं, वेळेवर काढलं नाही तर तिथंच घट्ट होतं आणि कानाची गाठ बनते. ती कमाईची खूण समजली जाते खरी, पण मुळात ती दुखापत आहे. पोराला टीव्हीवर तो कान दिसला. त्यामागची पंधरा वर्षांची पहाट दिसली नाही, कारण ती कुणी दाखवतच नाही. मग त्यानं जे दिसलं त्याची नक्कल केली. त्याचं काय चुकलं सांगा.

हीच गोष्ट केसांच्या कटिंगची, गाडीची, मैदानावरच्या शिवीगाळीची. पोरगं मूर्ख नसतं. त्याला जेवढं दिसतं तेवढं ते उचलतं. दिसत नाही ते दाखवायचं काम आपलं, म्हणजे तुमचं, वडिलांचं आणि त्याच्या वस्तादाचं.

आणि काही गोष्टी दिसतात त्या उचलण्यासारख्या नसतात, हेही सांगावं लागतं. पॅरिसमध्ये विनेश फोगटनं पहिल्याच फेरीत जपानच्या युई सुसाकीला हरवलं. तोवर सुसाकी आंतरराष्ट्रीय कुस्तीत एकदाही हरली नव्हती. त्याच दिवशी विनेश अंतिम फेरीत गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ५० किलोच्या वर १०० ग्रॅम भरली म्हणून बाद झाली. रात्रभर वजन तोडण्यासाठी, म्हणजे झटपट उतरवण्यासाठी, तिनं काय काय केलं, केससुद्धा कापले, हे घराघरांत पोचलं. पाठोपाठ अमननं ब्राँझच्या कुस्तीआधी दहा तासांत ४.६ किलो वजन उतरवल्याची बातमी आली. बातम्यांत हे सगळं पराक्रम म्हणून सांगितलं गेलं. मला त्या आठवड्यात झोप नव्हती, कारण मला माहीत होतं पोरं आता काय करणार.

आणि झालंच. चौदा वर्षांचा एक पोरगा शालेय स्पर्धेच्या आधी दोन जर्किनं घालून, वरून प्लॅस्टिक गुंडाळून दुपारच्या उन्हात पळत होता. पाणी बंद, जेवण बंद. रस्त्याच्या कडेला चक्कर येऊन पडला तेव्हा ओठ फुटलेले, जीभ कोरडी ठाक, लघवीला दिवसभर गेला नव्हता. सलाईन लावल्यावर शुद्धीवर आला आणि पहिला प्रश्न, "वस्ताद, किती भरलं?" विनेश आणि अमनबरोबर डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते, रात्रभर नाडी मोजणारी माणसं होती, आणि शरीर पूर्ण वाढलेलं होतं. तरीही तो धोकाच होता. वाढत्या वयाच्या पोरानं पाणी तोडणं म्हणजे मूत्रपिंडाशी खेळ. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे: सतरा वर्षांखालच्यानं वजन तोडायचं नाही. सकाळी उठल्यावर जेवढं भरेल त्या गटात खेळायचं. पोटभर जेवून हरलास तरी चालेल, असं मी त्यांच्या आईबापांसमोर सांगतो.

तुमचा मुलगा वजन तोडतो का, हे जरा बघा ताई. तेरा वर्षांच्या पोरांनाही हे खूळ लागतं. विषयांतर झालं, पण राहवलं नाही.

आता खेळाडूच्या बाजूनं बोलतो. अमेरिकेतला बास्केटबॉलपटू चार्ल्स बार्कली १९९३ मध्ये बुटांच्या एका जाहिरातीत सरळ म्हणाला होता की मी कुणाचा आदर्श नाही, आदर्श आईबापांनी व्हावं. मी बास्केटमध्ये चेंडू टाकतो म्हणून तुमची मुलं मी वाढवावीत असं नाही. तिकडं मोठा गदारोळ झाला. त्याच्याच पिढीतल्या कार्ल मलोननं उत्तर दिलं की आदर्श व्हायचं की नाही हे आपण ठरवत नसतो, लोक आपल्याला निवडतात.

मला दोघांचंही पटतं, पण बार्कलीचं अर्धंच. पोरं वाढवणं त्याचं काम नाही, शंभर टक्के मान्य. एकवीस-बावीस वर्षांच्या पोराला, ज्यानं आयुष्यात पट काढणं सोडून दुसरं काही शिकलेलं नाही, त्याला अचानक देशाचा संस्कारगुरू करायचं आणि घसरला की दगड मारायचे, हा त्याच्यावरही अन्याय आहे. पण तो जे बोलला ते बूट विकण्याच्या जाहिरातीत बोलला. पोरांनी माझ्याकडे बघून बूट घ्यावेत, पण माझ्याकडे बघून बाकी काही घेऊ नये, असं नाही चालत. तुझ्या चेहऱ्याकडे बघून पोरगं काहीतरी करतं याचेच तर पैसे मिळतात. ते घेतले की तेवढ्यापुरती जबाबदारी आली.

याबाबतीत आपल्याकडे चांगली उदाहरणं आहेत. सचिन तेंडुलकरनं वडिलांना शब्द दिला होता की तंबाखू आणि दारूची जाहिरात करणार नाही, आणि तो पाळला. पुलेला गोपीचंदनं २००१ मध्ये बॅडमिंटनची ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकल्यावर कोलाची जाहिरात नाकारली, तेव्हा तो काही कोट्यधीश नव्हता. या दोघांच्या खेळाबद्दल पोरांना सगळं माहीत असतं. हे माहीत नसतं. मी सांगतो.

दुसरी बाजूही माझ्या तालमीत घडलीय. माझ्याकडे मुक्कामाला असलेला सतरा वर्षांचा पोरगा, वडील ऊसतोड मुकादमाकडे कामाला. त्यांनी खुराकासाठी पाठवलेले ६,००० रुपये त्यानं आठ दिवसांत मोबाइलवरच्या पैसे लावून टीम बनवायच्या खेळात घालवले. दूध बंद झालं तेव्हा मला कळलं. ओरडणार होतो, पण तो म्हणाला, "वस्ताद, जाहिरातीत सगळे मोठे खेळाडूच होते. वाईट असतं तर ते कशाला आले असते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून असे पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले. पण त्याआधी कितीतरी वर्षं देशातले नावाजलेले खेळाडू ते विकत होते. मैदानावर बाद झाला, शून्यावर गेला, राग आला, शिवी दिली, हे मी माफ करतो. ज्या पोराचा आपल्यावर विश्वास आहे त्यालाच गिऱ्हाईक करणं मी माफ करत नाही.

म्हणजे खेळाडूकडून अपेक्षा ठेवायचीच तर मी इथं ठेवतो: त्याच्या खेळातला प्रामाणिकपणा आणि तो काय विकतो ते. त्याचं लग्न टिकलं का, तो कुठं फिरायला गेला, त्याचं राजकीय मत काय, यावर त्याला मोजायला मी बसत नाही.

कधीकधी मात्र मॅटबाहेर केलेली गोष्टच सगळ्यात मोठी ठरते. २०२३ च्या जानेवारीत साक्षी मलिक, विनेश आणि बजरंग पुनिया दिल्लीत जंतरमंतरवर आंदोलनाला बसले, कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर त्यांनी लैंगिक छळाचे आरोप केले. मे महिन्यात पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून उचलून नेलेलं सगळ्यांनी पाहिलं. डिसेंबरमध्ये महासंघाची निवडणूक झाली, माजी अध्यक्षांचे निकटवर्तीय निवडून आले, आणि साक्षीनं पत्रकार परिषदेत आपले कुस्तीचे बूट टेबलावर ठेवून खेळ सोडला. रिओ ऑलिंपिकमध्ये पदक घेणारी भारताची पहिली महिला पैलवान, तेव्हा वय ३१.

ते बूट आमच्या तालमीतल्या मुलींनी बघितले. त्याच महिन्यात एका मुलीचे वडील माझ्याकडे आले. शेतकरी माणूस, बोलायला अवघडत होता. शेवटी म्हणाला, "वस्ताद, राग मानू नका, पण मुलींच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते?" २६ वर्षांत मला कुणी इतका योग्य प्रश्न विचारला नव्हता. आज मुलींच्या सरावाला एक महिला प्रशिक्षक असते, मालिश आणि वजनाच्या वेळी तीच असते, आणि किल्ली मुलींकडे असते. हे साक्षीच्या बुटांमुळे झालं. तिच्या पदकामुळे झालं नव्हतं.

त्याच तिघांतल्या बजरंगवर पुढे २०२४ मध्ये उत्तेजकाच्या चाचणीसाठी नमुना न दिल्याबद्दल चार वर्षांची बंदी आली. मुदत संपलेल्या किटबद्दल स्पष्टीकरण मागत होतो, असं त्याचं म्हणणं. आता पोराला काय सांगायचं, हा शूर की दोषी? मी सांगतो की जंतरमंतर वेगळं, नमुना वेगळा. दोन्ही वाच. एकानं दुसरं झाकू नको.

यावरून तुमच्या मुलाच्या पैलवानाकडे येतो. उत्तेजकाच्या प्रकरणात नाव आलं म्हणजे नेमकं काय, हे त्याला आधी समजावून सांगा, कारण अर्धवट माहितीनं पोरं जास्त मोडतात. खेळाडूच्या लघवीचा किंवा रक्ताचा नमुना दोन बाटल्यांत भरतात, ए आणि बी. ए मध्ये बंदी असलेला पदार्थ सापडला की त्याला कळवतात, बऱ्याचदा तात्पुरतं निलंबन होतं. तो बी बाटली तपासायची मागणी करू शकतो, सुनावणी होते, वर दाद मागता येते. नियमाचं मूळ तत्त्व कडक आहे: तुमच्या शरीरात सापडलं की जबाबदारी तुमची, मग ते मुद्दाम घेतलेलं असो, पावडरच्या डब्यातून आलेलं असो की डॉक्टरनं खोकल्यासाठी दिलेलं असो. हेतू काय होता हा प्रश्न शिक्षा किती यासाठी येतो.

आपल्या नरसिंग यादवचं आठवत असेल. तीनदा महाराष्ट्र केसरी, २०१५ च्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ. रिओच्या तोंडावर नमुना सदोष निघाला. खाण्यात कुणीतरी मिसळलं, असं तो सांगत राहिला. इथल्या समितीनं त्याला सोडलं, तो रिओला पोचला, आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली. आमच्या भागात निम्म्या तालमी आजही त्याच्या बाजूनं बोलतात. खरं काय ते मी सांगू शकत नाही. पण त्यावरून मी पोरांना एक सवय लावली: बाहेर कुणाच्या हातचं उघडं दूध, सरबत घ्यायचं नाही, आणि गोळी कुठलीही असो, आधी वस्तादाला दाखवायची.

मुलाला हेही खरं खरं सांगा की हा प्रश्न एका माणसाचा नाही. २०२३ मध्ये भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ सदोष निघाले, आणि मोठ्या संख्येनं चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सगळ्यात जास्त होतं. त्याच वर्षी दिल्लीच्या राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत चाचणीचं पथक आल्याचं कळताच खेळाडू पळाले आणि १०० मीटरच्या अंतिम शर्यतीला एकटाच धावपटू उरला. मी हे पोरांना सांगतो तेव्हा ती हसतात. मग मी विचारतो, तो एकटा पळाला तेव्हा त्याला कसं वाटलं असेल? मग गप्प होतात.

तेरा वर्षांच्या मुलाला हे कळतं का? कळतं. त्याच्या तालमीत किंवा पलीकडच्या जिममध्ये दोन-तीन वर्षांत त्याला कुणीतरी सुई दाखवणार आहे, "ताकद येते" म्हणून. त्या दिवशी त्याला आजचं हे दोन दिवसांचं न जेवणं आठवलं तर बरं होईल. म्हणून घाईघाईनं त्याचं दुःख पुसू नका. "जाऊ दे, दुसरा कुणीतरी आवडून घे" असं तर मुळीच म्हणू नका.

मग कुणाकडे बघावं त्यानं? माझ्या अनुभवात पोराला सगळ्यात जास्त बदलतो तो दोन पावलं पुढं असलेला मुलगा. ऑलिंपिकवाला फार लांब असतो, त्याच्यापर्यंतची वाट दिसत नाही. पण शेजारच्या पथारीवर झोपणारा सतरा वर्षांचा पोरगा पहाटे चारला उठून हौदा खणतो, मातीत ताक-हळद मिसळतो, मग आपले जोर काढतो, आणि गेल्या वर्षी तो तालुक्यालाच हरला होता, यंदा जिल्ह्याला खेळला. हे बारा-तेरा वर्षांच्या पोराला रोज, फुकट, जवळून दिसतं. सुशीलचा फोटो होता त्या जागी आज आमच्याकडे एक साधी वही टांगलेली आहे. रोजचे जोर, बैठका, दोराची चढाई, ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहायची. लहान पोरं येता-जाता ती चाळतात. अमक्यानं काल किती मारले, दुखत असताना त्यानं "आज खांदा धरलाय, नाही मारले" असं प्रामाणिक लिहिलंय का, हे बघतात.

त्यावरून अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स आठवते. टोकियो ऑलिंपिकमध्ये, हवेत असताना आपल्याला दिशेचं भान राहत नाही हे लक्षात आल्यावर ती सांघिक अंतिम फेरीतून बाहेर पडली. जगभरातून तिला टोमणे मिळाले. तीन वर्षांनी पॅरिसला तिनं तीन सुवर्णं घेतली. पैलवान दुखणं लपवतो, ती आमच्यातली जुनी खोड आहे. त्यामुळे मानेवर कायमची दुखापत घेऊन घरी बसलेली पोरं मी बघितलीत. बाइल्सची उडी आमच्या काही कामाची नाही, पण तिचं ते थांबणं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

मोठ्या खेळाडूचं काही दाखवायचंच असेल तर असं एखादं छोटं, नेमकं दाखवा. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, केनियाच्या धावपटूपेक्षा फक्त ०.०५ सेकंदानं मागं राहिला. शेवटचे दोनशे मीटर मुलाबरोबर बसून बघा. किंवा पॅरिसची भालाफेक. अर्शद नदीमनं ९२.९७ मीटर टाकून सुवर्ण नेलं, नीरज चोप्रा रौप्यावर राहिला, आणि नीरजच्या आईनं सांगितलं की सुवर्ण जिंकलेला मुलगाही आमचाच आहे. हे एका खेळाडूच्या आईचं बोलणं आहे ताई, आणि माझ्या तालमीत कुस्ती हरलेल्या पोरांच्या घरच्यांना मी ते अनेकदा ऐकवलंय.

राहिलं त्याच्या खोलीतल्या पोस्टरचं, तुम्ही शेवटी विचारलंय ते. तुम्ही ते काढू नका आणि वडिलांनाही काढू देऊ नका. त्याचा निर्णय त्याला घेऊ द्या. फक्त आज जेवताना विचारा की त्या पैलवानाची सगळ्यात आवडती कुस्ती कोणती आणि त्यातला कोणता डाव. तो सांगायला लागेल. उठून हातवारे करून दाखवेलही. दाखवू द्या, मधे बोलू नका. मग विचारा की हा डाव तुझ्या तालमीत सगळ्यात चांगला कुणाला जमतो. तो ज्या पोराचं नाव घेईल त्याच्याबरोबर उद्या सकाळी जोड लावायला सांगा. आणि जमलं तर तुम्ही स्वतः एकदा तालमीत जाऊन या, त्याच्या वस्तादांना भेटा, मुलांची राहण्याची, खाण्याची जागा बघा, किल्ली कुणाकडे असते तेही विचारा. वस्ताद चांगले असतील तर त्यांना राग येणार नाही.